वाढलेला थायरॉईड, त्याची औषधं आणि आपली प्रतिकारशक्ती



मी वारज्याहून बोलतेय. पुण्याच्या पश्चिमेला, मुठा नदीच्या काठाला आमचं वारजे. कधीकाळचं गाव, आता महापालिकेत आलंय. मी बचत गटांची समन्वयक आहे. आमच्या गटांतल्या पुष्कळ जणी मुळशी, भोरकडून कामासाठी इकडे आलेल्या आहेत. त्यांचं सासर-माहेर अजून तिकडेच आहे. म्हणून आज जे सांगणार आहे ते शहरातल्या बाईसाठी वेगळं आणि गावातल्या बाईसाठी वेगळं, असं काही नाही.

आज बोलायचंय थायरॉईडवर. थायरॉईड म्हटलं की तुम्ही म्हणाल, "आमच्या गल्लीत चार जणींना आहे, सकाळी उपाशीपोटी गोळी घेतात." ती गोळी वेगळी. थायरॉईड कमी काम करतो तेव्हा तो रस बाहेरून भरून काढायची ती गोळी असते. मी आज बोलणार आहे उलट्या आजाराबद्दल. यात थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करतो. हा आजार त्या मानानं कमी जणींना होतो, पण होतो तेव्हा पुरुषांपेक्षा बायकांनाच कितीतरी जास्त होतो. आणि त्याच्या औषधांचा आपल्या प्रतिकारशक्तीशी जो संबंध आहे, तो माहीत नसेल तर जिवावर बेतू शकतं. म्हणून हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि ऐका.

आधी आजार कसा ओळखायचा ते सांगते. जेवण नेहमीसारखं, कधी जास्तच, तरी वजन उतरतं. छाती धडधडते. हात थरथरतात, चहाचा कप बशीवर वाजतो. थंडीतही घाम येतो, पंखा लागतो. झोप लागत नाही. शौचाला वरचेवर जावं लागतं. पाळी कमी येते किंवा चुकते. चिडचिड होते, रडू येतं. घरचे म्हणतात, "हिचा स्वभावच बदलला." कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. काही जणींचे डोळे मोठे दिसायला लागतात, पुढे आल्यासारखे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. गळ्याशी सूज दिसते.

यातली तीन-चार लक्षणं एकत्र दिसली तर रक्ताची तपासणी करायची. रिपोर्टमध्ये टी-थ्री, टी-फोर आणि टीएसएच असं लिहिलेलं असतं. थायरॉईड जास्त काम करत असेल तर टी-थ्री, टी-फोर वाढलेले असतात आणि टीएसएच अगदी खाली गेलेला असतो. टीएसएच कमी दिसला म्हणून "माझा थायरॉईड कमी आहे" असं समजू नका. ते उलटं असतं.

का उलटं असतं, ते विहिरीवरच्या मोटरीवरून सांगते. आपल्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी म्हणजे मोटर. मेंदूच्या खाली एक छोटी ग्रंथी असते, ती बटण दाबणारी. ते बटण दाबणारं बोट म्हणजे टीएसएच. शेताला पाणी हवं असेल तेव्हा बोट बटण दाबतं, पाणी पुरेसं झालं की बोट मागे घेतं. या आजारात दुसरंच कुणीतरी येऊन बटण दाबून धरतं आणि सोडतच नाही. मोटर रात्रंदिवस चालते, शेतात पाणीच पाणी होतं. खरं बोट कधीच मागे गेलेलं असतं, म्हणून टीएसएच कमी दिसतो.

हे बटण दाबून धरणारं कोण? आपलीच प्रतिकारशक्ती.

आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारी फौज असते. ती रक्तात अँटीबॉडी नावाचे पदार्थ तयार करते. त्यांचं काम बाहेरून आलेल्या जंतूला ओळखून पकडायचं. पण काही जणींच्या अंगात ही फौज गोंधळते आणि आपल्याच थायरॉईडच्या बटणाला पकडून बसणाऱ्या अँटीबॉडी तयार करते. या आजाराला ग्रेव्हज डिसीज म्हणतात. आयर्लंडमधल्या डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली या आजाराच्या बायकांचं वर्णन लिहिलं, म्हणून त्यांचं नाव पडलं. पण बटण दाबणारं काहीतरी रक्तातच असतं, हे कळायला पुढे १९५६ साल उजाडलं. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. हीच फौज कधी कधी डोळ्यांच्या मागच्या भागावरही चालून जाते, म्हणून डोळे पुढे येतात.

थायरॉईड वाढला म्हणजे दर वेळी ग्रेव्हजच असतो असं नाही. कधी ग्रंथीत गाठ असते आणि ती गाठच जास्त काम करते. कधी बाळंतपणानंतर काही महिन्यांत ग्रंथीला सूज येते, साठलेला रस बाहेर पडतो आणि पुढे ते आपोआप खाली येतं. तिथे या गोळ्यांचा उपयोग नसतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, "माझा थायरॉईड कशामुळे वाढलाय?" ग्रेव्हजच्या अँटीबॉडीची वेगळी रक्ततपासणी असते. आणखी एक सांगते. केस, नखं चांगली व्हावीत म्हणून ज्या गोळ्या मिळतात, त्यांत बायोटिन असतं. त्यानं थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, नसलेला आजार असल्यासारखा दिसू शकतो. अशी गोळी घेत असाल तर तपासणीआधी सांगा.

आता इथे एक मोठा गैरसमज होतो. आजार प्रतिकारशक्तीचा आहे म्हटलं की घरचे म्हणतात, "मग प्रतिकारशक्ती वाढवायला पाहिजे." काढे सुरू होतात, चूर्णं येतात, कुणी अश्वगंधा आणून देतं. मैत्रिणींनो, इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती वाट चुकली आहे. चुकलेल्या फौजेला आणखी हत्यारं द्यायची नसतात. आणि अश्वगंधानं थायरॉईडचं काम वाढल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवून ठेवली आहेत. कुठलंही चूर्ण किंवा काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. घरातलं साधं आयोडीनयुक्त मीठ मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

या आजाराला तीन उपचार आहेत. गोळी, रेडिओ आयोडीन आणि ऑपरेशन. तिन्ही थायरॉईड आटोक्यात आणतात. पण प्रतिकारशक्तीवर तिघांचा परिणाम सारखा नाही. तोच फरक आज समजून घेऊ.

पहिली गोळी. आपल्याकडे बहुतेक वेळा कार्बिमाझोल देतात, निओमर्काझोल या नावानं ती पुष्कळांना माहीत आहे. तिच्याच कुळातली मेथिमाझोल. आणि एक पीटीयू नावाची, ती ठरावीक वेळीच वापरतात. ही गोळी मोटरीचं काम कमी करते. सोबत धडधड कमी करायची दुसरी गोळीही सुरुवातीला देतात. तीन-चार आठवड्यांत बरं वाटायला लागतं. आणि चांगली गोष्ट अशी की गोळी चालू असताना हळूहळू त्या बटण दाबणाऱ्या अँटीबॉडीही कमी होत जातात. फौज शांत होते. त्याला वेळ लागतो, म्हणून गोळी साधारण वर्ष-दीड वर्ष घ्यायची असते. महिन्याभरात बरं वाटलं म्हणून बंद केली तर मोटर पुन्हा जोरात सुरू होते, आणि अचानक बंद केल्यानं थायरॉईड एकदम उसळून जिवाला धोका होऊ शकतो. पूर्ण मुदत घेतल्यावरही साधारण निम्म्या जणींचा आजार पुढे परत येतो. म्हणून गोळी संपली तरी तपासणी चालू ठेवायची.

आता कान देऊन ऐका, कारण आजच्या भाषणातलं सगळ्यात महत्त्वाचं हे आहे.

या गोळीमुळे हजारात साधारण दोन ते पाच जणींच्या रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अचानक जवळजवळ नाहीशा होतात. या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. जंतू अंगात शिरला की सगळ्यात आधी धावून जातात त्या ह्याच. त्या नाहीशा झाल्या म्हणजे गावाची वेस रात्रभर उघडी राहिली. मग घशातला साधा जंतूही रक्तात पसरतो आणि माणूस दोन-तीन दिवसांत गंभीर होतो.

हजारात दोन ते पाच म्हणजे फार कमी. म्हणून गोळीला घाबरायचं नाही. गोळी चांगली आहे, लाखो लोक घेतात. पण त्या दोन-पाच जणींत आपली कुणी असेल तर तिला वेळेवर ओळखता आलं पाहिजे. हा धोका बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत असतो. नंतरही होऊ शकतो. मधेच बंद करून पुन्हा सुरू केली तर पुन्हा तोच धोका असतो.

त्याची खूण काय? ताप. घसा दुखणं. तोंडात फोड, गिळताना त्रास. झालं, एवढंच. आणि हीच तर अडचण आहे. कारण ताप आणि घसा हे आपण दुखणं मानतच नाही. हळद-दूध घ्यायचं, मिठाच्या गुळण्या करायच्या, मेडिकलमधून एक पत्ता आणायचा आणि कामाला लागायचं.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं असंच झालं. ती घरोघरी पोळ्या करते. गोळी सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. अंगाला बरं वाटत होतं, वजन भरत होतं. पावसाळ्याचे दिवस. ताप आला, घसा धरला. शेजारणी म्हणाल्या, डेंग्यू असेल, सगळीकडे साथ आहे. जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेतलं. तिथे थायरॉईडच्या गोळीबद्दल कुणी विचारलं नाही, हिनंही सांगितलं नाही. थायरॉईडचा आणि घशाचा काय संबंध, असंच कुणालाही वाटेल. तिसऱ्या दिवशी तिला थुंकी गिळता येईना. तोंड फोडांनी भरलं. मुलीनं रिक्षा करून मोठ्या दवाखान्यात नेलं आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून नेल्या. त्या पिशवीनं तिला वाचवलं. डॉक्टरांनी गोळी पाहिली, लगेच रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या. गोळी बंद केली, शिरेतून जंतूंवरची औषधं दिली. दहा-बारा दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली.

आता पाहा, डेंग्यूमध्येही पांढऱ्या पेशी कमी होतात आणि ताप तर असतोच. त्यामुळे साथीच्या दिवसांत गोंधळ होणं सोपं आहे. म्हणून ताप कशाचाही वाटला तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, "मी थायरॉईड कमी करायची गोळी घेते."

मग करायचं काय ते क्रमानं सांगते. ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले तर थायरॉईडची पुढची गोळी घ्यायची नाही. त्याच दिवशी सीबीसी ही रक्ताची तपासणी करायची. उद्या नाही, बाजाराच्या दिवशी नाही, त्याच दिवशी. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा आणि गोळी पुन्हा सुरू करायची की नाही ते त्यांनी ठरवायचं. पेशी ठीक असतील तर साधा घसा आहे, गोळी पुढे चालू होते. पेशी पडल्या असतील तर लगेच भरती व्हायचं. आणि एकदा असं झालं की कार्बिमाझोल, मेथिमाझोल, पीटीयू यांतली कुठलीही गोळी आयुष्यात परत घ्यायची नाही.

सीबीसी ही साधी तपासणी आहे. ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातही रक्त घेतात, पण तिथून नमुना बाहेर पाठवून रिपोर्ट यायला वेळ लागणार असेल तर थांबू नका. जिथे त्याच दिवशी रिपोर्ट मिळेल तिथे जा. ताप जास्त असेल, गिळता येत नसेल, थंडी वाजून अंग कापत असेल तर १०८ ला फोन करा.

रिपोर्ट आपल्यालाही वाचता येतो. गटाचं व्याज काढणाऱ्या बायांना हे अवघड नाही. पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा घ्या आणि त्यातले न्यूट्रोफिल किती टक्के ते पाहा. समजा एकूण ६००० आणि न्यूट्रोफिल ६० टक्के, तर झाले ३६००. छान आहे. समजा एकूण १८०० आणि न्यूट्रोफिल १० टक्के, तर झाले १८०. पंधराशेच्या खाली गेले तर डॉक्टरांना विचारायचं, पाचशेच्या खाली म्हणजे तातडीचं.

गोळी सुरू करण्याआधी एकदा सीबीसी करून तो कागद जपून ठेवा, कारण या आजारातच काही जणींच्या पेशी थोड्या कमी असतात. आधीचा आकडा असला की तुलना करता येते. पण "गेल्या महिन्यात रिपोर्ट चांगला होता" म्हणून बिनघोर राहू नका. पेशी अचानक पडतात. काल चांगला असलेला आकडा आजच्या तापाची हमी देत नाही.

दुसरी एक खूण आहे, ती यकृताची. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, शौचाचा रंग पांढरट होणं, जेवणावरची वासना पूर्ण उडणं. असं झालं तरी गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. अंगावर पुरळ, खाज हे त्या मानानं पुष्कळांना होतं, त्यासाठी डॉक्टरांना विचारा, घाबरू नका. पीटीयू बराच काळ चालू असेल आणि सांधे दुखले, लघवीतून रक्त गेलं, तर तेही सांगायचं. क्वचित प्रतिकारशक्ती रक्तवाहिन्यांवर उलटते त्याची ती खूण असते. या कारणांखेरीज, बरं वाटलं म्हणून, प्रवासाला जायचं म्हणून, उपवास आहे म्हणून गोळी थांबवायची नाही.

दुसरा उपचार रेडिओ आयोडीन. नाव ऐकून बायका घाबरतात, "अणूचं औषध आहे म्हणे." हो, आहे. आपल्या मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत ते तयार होतं. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालापासून आहे, तिथे थायरॉईडच्या असंख्य रुग्णांवर उपचार झाले. जगात पहिल्यांदा हा उपचार अमेरिकेत बॉस्टनला १९४१ साली डॉक्टर सॉल हर्ट्झ यांनी केला. म्हणजे ही काही नवी, अनोळखी गोष्ट नाही. थायरॉईड आयोडीन ओढून घेतो, म्हणून हे आयोडीन बरोबर त्याच ग्रंथीत जाऊन बसतं आणि जास्त काम करणाऱ्या पेशी मारतं. त्याचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होत जातो. गोळी किंवा पातळ औषध, बहुतेकींना एकदाच घ्यावं लागतं. गोळीसारखा पांढऱ्या पेशी पडायचा धोका त्यात नाही.

पण प्रतिकारशक्तीच्या बाजूनं एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्रंथीच्या पेशी मरतात तेव्हा त्यांचे तुकडे रक्तात येतात आणि गोंधळलेली फौज आणखी खवळते. बटण दाबणाऱ्या त्या अँटीबॉडी काही महिने, कधी वर्षभर वाढलेल्या राहतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोळी, ऑपरेशन आणि रेडिओ आयोडीन घेतलेल्यांकडे पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. गोळी आणि ऑपरेशनवाल्यांच्या अँटीबॉडी हळूहळू उतरल्या, दीड वर्षात दहातल्या सात-आठ जणांच्या नाहीशा झाल्या. रेडिओ आयोडीनवाल्यांच्या मात्र आधी वर्षभर वाढल्या, मग सावकाश उतरल्या.

याचा फटका बसतो तो डोळ्यांना. १९९८ साली इटलीतल्या डॉक्टरांनी ४४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. नुसतं रेडिओ आयोडीन घेतलेल्यांपैकी शंभरात १५ जणांचे डोळे नव्यानं बिघडले किंवा आधीचे जास्त बिघडले. त्यातल्या बऱ्याच जणांचे पुढे सुधारले. गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात तीन होतं. आणि रेडिओ आयोडीनसोबत ठरावीक काळ स्टेरॉईड दिलं त्यांच्यात कुणाचेही डोळे बिघडले नाहीत. म्हणून डोळे खुपतात, लाल होतात, एकाचे दोन दिसतात, असं काहीही असेल तर रेडिओ आयोडीन घेण्याआधी सांगा. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे डोळे सगळ्यात जास्त बिघडतात. आपण ओढत नसलो तरी घरात धूर होऊ देऊ नका. नवऱ्याला सांगा, बिडी अंगणाच्या बाहेर. स्टेरॉईड दिलं असेल तर तेवढ्या काळात प्रतिकारशक्ती थोडी दबलेली असते, साखर वाढू शकते. ते आपल्या मनानं वाढवायचं नाही आणि एकदम थांबवायचंही नाही.

गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला रेडिओ आयोडीन देत नाहीत. ते घेतल्यावर निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात. घेतल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून अंतर ठेवायचं. किती दिवस, किती अंतर, ते दवाखान्यातून लिहून घ्या.

मघाशी सांगितलेल्या मैत्रिणीला गोळी कायमची बंद झाली, म्हणून तिनं हाच उपचार घेतला. तिचे डोळे थोडे खुपायचे, ते तिनं सांगितलं, त्यामुळे डॉक्टरांनी स्टेरॉईडची सोय केली. काही महिन्यांनी तिची ग्रंथी थंडावली. आता ती थायरॉईड भरून काढायची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेते. ही गोळी पांढऱ्या पेशींना हात लावत नाही. आज ती पोळ्यांची कामं करते आणि गटाचा हप्ताही चुकवत नाही.

तिसरा उपचार ऑपरेशन. ग्रंथी काढून टाकतात. चिडायला ग्रंथीच उरली नाही की फौज हळूहळू शांत होते, अँटीबॉडी सावकाश उतरतात. गाठ मोठी असेल, डोळे जास्त बिघडलेले असतील, लवकर मूल हवं असेल, गोळी चालत नसेल, अशा वेळी डॉक्टर हा मार्ग सुचवतात. आवाज बसणं, कॅल्शियम कमी होणं हे धोके असतात, म्हणून थायरॉईडची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जायचं. पुढे रोजची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.

तिघांतलं कुठलं चांगलं, असं मला विचाराल तर उत्तर एक नाही. वय किती, डोळे कसे आहेत, मूल हवंय का, तपासणीला वरचेवर येता येईल का, यावर ते ठरतं. डॉक्टरांसमोर गप्प बसू नका. "माझ्या डोळ्यांचं काय? मला अजून एक मूल हवंय, त्याचं काय?" असं स्पष्ट विचारा.

मुलाचा विषय निघाला म्हणून सुना-लेकींसाठी सांगते. गोळी चालू असताना पाळी चुकली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमाझोलमुळे बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून त्या काळात बहुतेक वेळा पीटीयू देतात. पण आपल्या मनानं गोळी टाकून द्यायची नाही, थायरॉईड उसळला तर आईला आणि बाळालाही धोका असतो.

आणि ही गोष्ट तर फार कमी जणींना माहीत आहे. त्या बटण दाबणाऱ्या अँटीबॉडी नाळेतून बाळापर्यंत जातात. एखादीनं पाच वर्षांपूर्वी रेडिओ आयोडीन घेतलं किंवा ऑपरेशन केलं. आज तिचा थायरॉईड कमी आहे, ती भरून काढायची गोळी घेते. कागदावर लिहिलं जातं, "थायरॉईड कमी." पण तिच्या रक्तात जुन्या अँटीबॉडी शिल्लक असू शकतात. आईला ग्रंथीच नाही म्हणून तिला काही कळत नाही, पण पोटातल्या बाळाची ग्रंथी त्या दाबतात. बाळाचे ठोके फार वेगानं पडतात, वाढ खुंटते. हे थोड्याच बाळांमध्ये होतं आणि वेळेवर कळलं तर उपचार आहे. म्हणून गरोदरपणात नाव नोंदवताना नर्सताईंना, आशाताईंना सांगायचं, "पूर्वी माझा थायरॉईड जास्त होता, त्याचा उपचार झालाय." मग डॉक्टर अँटीबॉडीची तपासणी करून बाळावर लक्ष ठेवतात.

गरोदरपणात फौज जरा शांत असते, बाळंतपणानंतर ती पुन्हा जागी होते. त्यामुळे बाळंतपणानंतरच्या महिन्यांत आजार उलटू शकतो. बाळंतीण चिडते, झोपत नाही, वाळत चालली आहे, तर "जागरणानं होतंय" म्हणून सोडून देऊ नका. एकदा टीएसएच तपासा. बाळाला पाजत असतानाही कमी मात्रेत गोळी घेता येते, डॉक्टर मात्रा ठरवून देतात.

आता आपल्या गटांनी काय करायचं? खर्चिक काही नाही. पुढच्या मासिक बैठकीत विचारा, कुणी थायरॉईड कमी करायची गोळी घेतंय का. असेल तर तिच्या गोळ्यांच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवा. मोठ्या अक्षरात लिहा, "ताप, घसा, तोंडात फोड: गोळी थांबवा, आजच सीबीसी." जिला वाचता येत नाही तिच्या मुलाला, सुनेला वाचून दाखवा. गटाच्या अंतर्गत कर्जात तातडीच्या तपासणीसाठी थोडी रक्कम अशी ठेवा, जी बैठकीची वाट न पाहता अध्यक्ष आणि सचिव त्याच दिवशी देऊ शकतील. नंतर वहीत नोंद करा. आणि दवाखान्यात जाताना गोळ्यांची पिशवी सोबत न्यायची, ही सवय सगळ्यांनीच लावून घ्या, थायरॉईड असो वा नसो.

बाईनं ताप अंगावर काढायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. बाकी कशात ती चालली असेल, या गोळीसोबत चालत नाही. ही गोळी चालू असलेली बाई "घसा दुखतोय" म्हणाली की तिच्या हातातला तवा आपण घ्यायचा आणि तिला रक्त तपासायला पाठवायचं.

 जिला गरज आहे तिच्यापर्यंत हे पोहोचवा.